ब्राउझरची निवड आणि न उघडणाऱ्या पानाची तपासणी
(प्राथमिक शिक्षकांसाठी, इयत्ता ५ वी ते ७ वीच्या पाठासह)

प्रास्ताविक

शाळेत संगणक आला म्हणजे त्याच्यामागोमाग एक तक्रारही येते. "पान उघडत नाही" ही ती तक्रार होय. मुले यंत्राभोवती दाटीने बसलेली असतात, पडद्यावर एक चाक फिरत राहते आणि तासिकेचा वेळ त्या चाकाकडे पाहण्यात निघून जातो. असे दोनचार वेळा घडले म्हणजे शिक्षकाचा उत्साह मावळतो व यंत्रावर कायमचे कापड पडते. वास्तविक अशा प्रसंगी यंत्र बिघडलेलेच असते असे नाही. पुष्कळदा अडचण लहान असते. परंतु ती कोठे आहे हे न शोधता हाताला येईल ते बटण दाबल्यामुळे ती वाढते.

एखाद्या मुलाचे गणित चुकले असता चांगला शिक्षक "उत्तर चुकले" एवढे म्हणून थांबत नाही. चूक मांडणीत आहे, हातच्यात आहे की पाढ्यात आहे, हे तो पायरीपायरीने पाहतो. त्याचप्रमाणे "पान उघडत नाही" एवढ्यावर न थांबता "ते कोणत्या पायरीवर अडले?" असा प्रश्न विचारावयास हवा. हा प्रश्न विचारण्याची सवय शिक्षकास व विद्यार्थ्यास लागावी, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

१. ब्राउझर म्हणजे काय?

दूरच्या संगणकावर ठेवलेले पान मागवून ते पडद्यावर मांडून दाखविणारे साधन म्हणजे ब्राउझर होय. मराठीत त्यास न्याहाळक असेही म्हणतात. ज्या संगणकावर पान ठेवलेले असते त्यास सर्व्हर म्हणतात. इंटरनेट, ब्राउझर व शोधयंत्र या तीन गोष्टी मुले एकच समजतात. त्यांतील भेद आरंभीच स्पष्ट करावा. इंटरनेट हा मार्ग आहे, क्रोम किंवा फायरफॉक्स हा ब्राउझर आहे, आणि गूगलचा शोध हे ब्राउझरमध्ये उघडणारे एक संकेतस्थळ आहे.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली व १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेक या ब्राउझरामुळे वेबचा सामान्य लोकांत प्रसार झाला. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी सर्नने वेबची मूळ साधने सर्वांसाठी मोफत खुली केली. पुढे १९९४ साली नेटस्केप, १९९५ साली इंटरनेट एक्स्प्लोरर, २००३ साली सफारी, २००४ साली फायरफॉक्स व २००८ साली क्रोम हे ब्राउझर आले. यांपैकी नेटस्केप केव्हाच मागे पडला आणि विंडोज १० वरील इंटरनेट एक्स्प्लोररचे सहाय्य १५ जून २०२२ रोजी थांबविण्यात आले. साधने येतात व जातात. म्हणून विद्यार्थ्यांना एखाद्या ब्राउझरचे चिन्ह पाठ करावयास न लावता त्याचे कार्य समजावून द्यावे.

२. ब्राउझरची निवड

"सर्वांत चांगला ब्राउझर कोणता?" या प्रश्नास एकच उत्तर नाही. शाळेतील यंत्र, त्याची स्मृती व त्यावरील प्रणाली यांचा विचार करून निवड करावी लागते. त्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) ब्राउझर अद्ययावत होत असला पाहिजे. ब्राउझरमधील दोष सापडत राहतात व नव्या आवृत्तीत ते दुरुस्त होतात. क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके व फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघा दाबून 'मदत' या भागात गेल्यास आवृत्तीचा क्रमांक दिसतो व नवी आवृत्ती असल्यास ती तेथेच उतरू लागते.

(आ) प्रणाली जुनी असल्यास ब्राउझरची वाढ खुंटते. विंडोज ७ व ८.१ यांवर चालणारी क्रोमची अखेरची आवृत्ती १०९ वी होय. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून विंडोज १० किंवा त्यापुढील प्रणाली लागते. फायरफॉक्सच्या बाबतीत त्या जुन्या प्रणालींसाठी २०२३ मधील ११५ वी दीर्घमुदतीची आवृत्ती ही शेवटची ठरली. असे यंत्र शाळेत असल्यास त्यावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसविण्याचा विचार जाणकाराच्या मदतीने करावा. मात्र तत्पूर्वी यंत्रातील सर्व नोंदींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

(इ) नावे अनेक असली तरी अंतर्यंत्रे थोडीच आहेत. पान रेखाटणाऱ्या भागास इंजिन म्हणतात. क्रोम, २०२० पासूनचा नवा एज, ऑपेरा व ब्रेव्ह हे सर्व एकाच क्रोमियम या पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचे इंजिन गेको आणि अॅपलच्या सफारीचे वेबकिट हे वेगळे आहे. म्हणून शाळेच्या यंत्रावर दोन ब्राउझर ठेवावयाचे असल्यास क्रोम व एज असे न ठेवता, क्रोम किंवा एज यांपैकी एक आणि त्याच्या जोडीस फायरफॉक्स असे ठेवावे. एकाच पायावरील दोघांची साक्ष घेणे म्हणजे एकाच साक्षीदारास दोनदा विचारण्यासारखे आहे.

(ई) ब्राउझर त्याच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. शोधाच्या यादीत वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून किंवा "मोफत डाउनलोड" असे लिहिलेल्या परक्या पानावरून घेऊ नये. तसेच आपोआप बसलेल्या अनोळखी पट्ट्या व एक्स्टेन्शन काढून टाकावीत; पान अडण्याचे व मंदावण्याचे ते एक नेहमीचे कारण असते.

(उ) शक्य तेथे ब्राउझरची भाषा मराठी करावी. बिघाडाची सूचना समजेल अशा भाषेत आली तरच ती वाचली जाते.

३. पान कोणत्या वाटेने येते?

पत्ता टाकून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत पुढील सहा पायऱ्या पार पडतात.

पहिली पायरी: संगणकाकडून मागणी राउटरकडे किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटकडे जाते.
दुसरी पायरी: तेथून ती बाहेरच्या जाळ्यात पोहोचते.
तिसरी पायरी: संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधला जातो. या नामसूचीस डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली तिची रचना केली. माणसास नाव लक्षात राहते, यंत्रास अंक लागतात. ही सूची त्या दोहोंची सांगड घालते.
चौथी पायरी: त्या अंकी पत्त्यावरील सर्व्हरशी जोडणी होते व प्रमाणपत्र पाहून त्याची ओळख पटविली जाते.
पाचवी पायरी: सर्व्हर मागणीचे उत्तर देतो.
सहावी पायरी: आलेला मजकूर, चित्रे व सूचना यांवरून ब्राउझर पान रेखाटतो.

या सहा पायऱ्या फळ्यावर काढून तो तक्ता यंत्राजवळ लावावा. पुढील सर्व तपासणी त्याच्याच आधाराने होते.

४. पडद्यावरील सूचना काय सांगते?

सूचना दिसताच ती बंद करण्याची घाई होते. वस्तुतः अडलेल्या पायरीचे नाव बहुधा त्या सूचनेतच असते.

"इंटरनेट नाही" अशी सूचना व क्रोममध्ये डायनासोरचे चित्र दिसल्यास अडचण बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असते. तार सैल आहे काय, वाय-फाय बंद आहे काय, मोबाइलमधील डेटा संपला आहे काय, हे पाहावे. राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे व पुन्हा सुरू करावा. तो पूर्ववत होण्यास काही मिनिटे लागतात; तोवर दुसरे काही बदलू नये.

सर्व्हरचा पत्ता सापडला नाही, किंवा सूचनेत 'डीएनएस' हे अक्षर आहे, असे दिसल्यास तिसरी पायरी अडलेली असते. प्रथम पत्त्यातील शुद्धलेखन तपासावे. एका अक्षराच्या चुकीने मागणी भलत्याच नावाची होते.

"फार वेळ लागला" या अर्थाची सूचना आल्यास चौथ्या पायरीवर सर्व्हरने प्रतिसाद दिलेला नसतो. जोडणी अतिशय मंद असल्यासही ती येते.

तीन अंकी क्रमांक दिसल्यास मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचली असून त्याचे उत्तरही आले आहे, असे समजावे. या क्रमांकाचा पहिला अंक महत्त्वाचा असतो. ४ ने आरंभ होणारे क्रमांक मागणीतील दोष दर्शवितात: ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर ते पान नाही, ४०३ म्हणजे ते पाहण्याची परवानगी नाही. ५ ने आरंभ होणारे क्रमांक सर्व्हरकडील अडचण दर्शवितात: ५०० म्हणजे तेथील अंतर्गत दोष, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. अशा वेळी शाळेचा राउटर बंद-चालू करणे व्यर्थ होय. माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी ५०३ दिसल्यास पुन्हापुन्हा पान ताजे करण्याने सर्व्हरवरील भार वाढतो. थोड्या वेळाने किंवा पहाटे प्रयत्न करणे हिताचे असते.

येथे एक दक्षता सांगितली पाहिजे. अर्धवट भरलेला अर्ज पडद्यावर असताना पान ताजे केल्यास भरलेली माहिती नष्ट होऊ शकते, किंवा तीच नोंद दोनदा जाऊ शकते. म्हणून लांब मजकूर आधी वहीत किंवा दुसऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवावा.

५. एका वेळी एकच बदल

सूचनेवरून उलगडा न झाल्यास तुलना करावी. विज्ञानाच्या पाठात मटकीचे दाणे दोन कुंड्यांत लावून एक उजेडात व एक अंधारात ठेवतात. पाणी व माती मात्र सारखीच ठेवतात. दोन्ही गोष्टी बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळत नाही. तोच नियम येथे लागू आहे. पुढील तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न: याच ब्राउझरमध्ये दुसरे संकेतस्थळ उघडते काय? हे दुसरे संकेतस्थळ नुकतेच पाहिलेले नसावे. कारण पूर्वी पाहिलेल्या पानाची प्रत ब्राउझर साठवून ठेवतो व जोडणी नसतानाही ती दिसू शकते. दुसरे संकेतस्थळ उघडल्यास पहिल्या दोन पायऱ्या ठीक आहेत, असे समजावे.

दुसरा प्रश्न: तेच पान दुसऱ्या इंजिनाच्या ब्राउझरमध्ये उघडते काय? उघडल्यास दोष पहिल्या ब्राउझरच्या साठ्यात, एक्स्टेन्शनमध्ये किंवा जुन्या आवृत्तीत आहे.

तिसरा प्रश्न: तेच पान त्याच वाय-फायवर असलेल्या मोबाइलमध्ये उघडते काय? उघडल्यास दोष संगणकात आहे. न उघडल्यास मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर ते पाहावे. आता उघडल्यास दोष शाळेच्या जोडणीत आहे. तरीही न उघडल्यास तो बहुधा त्या संकेतस्थळाकडेच आहे. आरंभीच मोबाइल डेटावर पाहिल्यास यंत्र व जोडणी या दोन्ही गोष्टी एकदम बदलतात आणि निष्कर्ष संदिग्ध राहतो.

दोष ब्राउझरमध्ये आढळल्यास सौम्य उपायापासून आरंभ करावा. प्रथम कंट्रोल, शिफ्ट व आर ही बटणे एकत्र दाबून पान साठ्यातून न घेता नव्याने मागवावे. मग खाजगी खिडकीत ते उघडून पाहावे. क्रोममध्ये ती कंट्रोल, शिफ्ट व एन यांनी, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व पी यांनी उघडते. तेथे पान उघडल्यास साठा किंवा एक्स्टेन्शन यांपैकी एकाचा दोष मानावा. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावे. शेवटी कंट्रोल, शिफ्ट व डिलीट यांनी साठा पुसण्याची खिडकी उघडावी व केवळ साठविलेल्या चित्रांची व फाइलींची खूण ठेवून बाकीच्या खुणा काढाव्यात. सर्व खुणा ठेवून पुसल्यास इतिहास व साठविलेले पासवर्डही जाऊ शकतात.

६. धोक्याची सूचना व संगणकाचे घड्याळ

"आपली जोडणी खाजगी नाही" अशा अर्थाची सूचना ही चौथ्या पायरीवरील असून ती इतर सर्व सूचनांहून निराळी आहे. इतर सूचना अडथळा सांगतात. ही सूचना धोका सांगते. सर्व्हरने दाखविलेले प्रमाणपत्र पटले नाही, असा तिचा अर्थ होय.

अशा वेळी प्रथम संगणकाचे घड्याळ पाहावे. प्रत्येक प्रमाणपत्रास आरंभाची व अखेरची तारीख असते. संगणक बंद असता त्याचे घड्याळ आतील नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या घटावर चालते. तो घट संपला म्हणजे वीज जाताच तारीख काही वर्षे मागे जाऊ शकते. मग आजचे प्रमाणपत्र संगणकास अजून सुरूच न झालेले वाटते व एकामागून एक चांगली संकेतस्थळे नाकारली जातात. क्रोम अशा वेळी घड्याळ मागे असल्याचे सांगतोही. तारीख, वेळ व भारताचा कालविभाग नीट लावताच पाने उघडू लागतात. बहुतेक मेजावरील संगणकांत सीआर २०३२ या क्रमांकाचा घट असतो. तो जाणकाराकडून बदलून घ्यावा.

तारीख बरोबर असूनही सूचना येत असेल, तर जुनी प्रणाली हे एक कारण संभवते. कोणती मूळ प्रमाणपत्रे विश्वसनीय मानावयाची याची यादी प्रत्येक यंत्रात असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी पुष्कळ संकेतस्थळांना आधारभूत असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अद्ययावत न झालेल्या अनेक जुन्या यंत्रांना चांगली संकेतस्थळेही उघडता आली नाहीत. फायरफॉक्स ही यादी स्वतःजवळ बाळगतो. म्हणून अद्ययावत फायरफॉक्समध्ये पान उघडते काय, हे पाहावे.

परंतु कारण सापडले नाही म्हणून "तरीही पुढे जा" हे बटण दाबून पासवर्ड टाकणे सर्वथा अयोग्य आहे. शाळेचे जनरल रजिस्टर कोणी अनोळखी मनुष्य दाराशी येऊन मागू लागला, तर त्याची ओळख पटल्याशिवाय ते त्याच्या हाती दिले जात नाही. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, पालकांची माहिती व आधार क्रमांक हे सर्व आज संगणकावरूनच भरले जाते. ती माहिती त्या लेकरांची आहे. शिक्षक हा तिचा राखणदार आहे. एक दिवस उशीर झाला तर तो भरून काढता येतो, परक्याच्या हाती गेलेली माहिती परत घेता येत नाही.

सूचना आली नाही म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक आहे, असेही मानू नये. जोडणी सुरक्षित असणे व पलीकडील मनुष्य सज्जन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पत्ता नीट वाचावा. भारतातील शासकीय संकेतस्थळांच्या नावाचा शेवट बहुधा 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असा असतो. आरंभीच्या दुहेरी तिरप्या रेघेनंतर येणाऱ्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगत अलीकडे जे असते, ते नावाचे खरे शेवट होय.

७. वेगाचे गणित

कित्येकदा पान अडलेले नसते, केवळ मंद येत असते. येथे अंकगणिताचा चांगला पाठ होऊ शकतो. पानाचे आकारमान बाइटमध्ये व जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात. १ बाइट म्हणजे ८ बिट. पान ३ मेगाबाइटचे असल्यास ३ × ८ = २४ मेगाबिट झाले. वेग सेकंदास २ मेगाबिट असल्यास किमान १२ सेकंद लागतील. त्याच जोडणीवर चार यंत्रे सारखा वाटा घेत असतील, तर ४८ सेकंद लागतील. म्हणून पाठाच्या वेळी इतर मोबाइल वाय-फायवरून काढावेत व अनेक टॅब उघडे ठेवू नयेत. बालभारतीची पीडीएफ पाठ्यपुस्तके किंवा अन्य साहित्य आदल्या दिवशीच उतरवून ठेवल्यास वर्गाचा वेळ वाया जात नाही.

८. वर्गातील पाठ

हा पाठ वीज नसतानाही घेता येतो. सहा विद्यार्थ्यांना सहा पायऱ्यांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या देऊन ओळीने उभे करावे. सातव्याने "आमच्या गावच्या नदीचे पान हवे" अशी लेखी मागणी पहिल्याच्या हाती द्यावी. ती क्रमाने पुढे जाऊन पाचव्याकडून उत्तर यावे व सहाव्याने फळ्यावर चित्र काढावे. दुसऱ्या खेपेस शिक्षकाने एका विद्यार्थ्यास गुपचूप थांबावयास सांगावे. उरलेल्या वर्गाने प्रश्न विचारून कोण थांबले हे ओळखावे. कमीत कमी प्रश्नांत जो गट ओळखील त्याचे कौतुक करावे. नंतर संगणकावर मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून व तार काढून दोन्ही सूचनांतील फरक मुलांकडूनच वदवून घ्यावा.

यंत्राजवळ एक नोंदवही ठेवावी. तारीख, न उघडलेले पान, सूचनेतील शब्द, केलेला उपाय व परिणाम असे पाच रकाने तीत असावेत. वरच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांकडे ती सोपवावी. दुरुस्तीस मनुष्य बोलावण्याची वेळ आलीच, तर "चालत नाही" या दोन शब्दांपेक्षा ही नोंद त्यास अधिक उपयोगी पडेल.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. एक पान क्रोम व एज या दोहोंतही उघडत नाही. एवढ्यावरून ब्राउझर निर्दोष आहे असे का म्हणता येत नाही?
२. ४०४ व ५०३ या दोन उत्तरांत शिक्षकाने करावयाच्या कृतीत कोणता फरक पडतो?
३. दिवाळीच्या सुट्टीनंतर संगणक सुरू केला असता सर्वच संकेतस्थळांवर धोक्याची सूचना येते. प्रथम काय पाहावे, व का?
४. ५ मेगाबाइटचे पान सेकंदास ४ मेगाबिट वेगाने येण्यास किमान किती सेकंद लागतील?
५. आपल्या शाळेच्या नोंदवहीतील तीन नोंदी घेऊन प्रत्येक वेळी पान कोणत्या पायरीवर अडले होते ते ठरवा.